ॲव्हरेज ड्रायव्हर

कोल्हापुरात कुणी नवी गाडी घेतली, की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" रंग, एअरबॅगा, छताची खिडकी हे कौतुक नंतरचं. एका लिटरला किती किलोमीटर, हे कळल्याशिवाय इथल्या माणसाला गाडी कळत नाही. आणि या विषयात बाजीराव मिठारींच्या पासंगालाही कुणी पुरत नव्हतं.

सगळे त्यांना आण्णा म्हणत. आण्णांनी हयातभर कोल्हापूर–रत्नागिरी वडाप केलं, म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून ने-आण केली. त्यांची जीप डिझेलवर नाही, डिझेलच्या नुसत्या वासावर चालते, असं बाकीचे डायव्हर म्हणायचे. कासारघाटाच्या माथ्यावर आलं की आण्णा इंजिन बंद करायचे, गिअर न्यूट्रलला टाकायचे आणि फक्त ब्रेकवर जीप सांभाळत घाट उतरायचे. तेही इतक्या बेतानं, की खाली सपाटीला लागल्यावरही ती पार ओढ्याच्या पुलापर्यंत घरंगळत जायची. बायकोनं कधी एसी लावायला सांगितला, तर म्हणायचे, "खिडकी उघड की. देवाचा वारा फुकट हाय."

धनश्री ही त्यांची एकुलती एक मुलगी. फिनलंडच्या 'मितगती' कंपनीच्या कोल्हापूर शाखेत ती नोकरीला लागली, तेव्हा पेट्रोलचे दिवस वाईट आले होते. तेलाची जहाजं यायचा मार्ग तिसऱ्यांदा बंद पडला होता आणि पंपावर आठवड्याचा कोटा लागला होता. विजेच्या गाड्या होत्या, पण दारातली चालती गाडी भंगारात घालून नवी घेणं किती जणांना झेपणार? अशा वेळी मितगतीचं यंत्र आलं. तंबाखूच्या डबीएवढं असायचं, म्हणून लोकांनी त्याला डबीच म्हणायला सुरुवात केली.

डबीमागचं विज्ञान सरळ होतं. आपण गाडीत पेट्रोल घालतो, त्याचा वेग होतो. म्हणजे वेग ही आपण विकत घेतलेली वस्तू. ब्रेक मारला, की तो वेग चाकापाशी घासून उष्णता होतो आणि हवेत जातो. तेव्हा पेट्रोल वाचवायचं तर ब्रेक वाचवला पाहिजे, आणि पुढं कुठला उतार, कुठलं वळण येणार हे पायाला आधी ठाऊक असल्याशिवाय ब्रेक वाचत नाही. मितगतीनं तो जाणता पायच उचलला. एखाद्या डायव्हरच्या पेडलांवर पातळ पट्ट्या चिकटवायच्या, त्यानं रस्त्याच्या कुठल्या टप्प्यावर कुठलं पेडल किती दाबलं याची नोंद घ्यायची, आणि मग दुसऱ्या कुठल्याही गाडीत बारक्या मोटारींनी पेडलं तशीच दाबायची, इंजिनही तसंच चालू-बंद करायचं. गाडीचं वजन जास्त असेल, तर डबी त्या हिशेबानं जोर वाढवायची. माणसाच्या हातात उरायचं स्टिअरिंग आणि गिअरची दांडी. एका रस्त्यासाठी घेतलेल्या अशा नोंदीला कंपनीत 'पाठ' म्हणत.

फिनलंडहून इंग्रजीत निरोप आला होता, की प्रत्येक घाटासाठी एक ॲव्हरेज ड्रायव्हर निवडून त्याचा पाठ पाठवा. धनश्रीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. ॲव्हरेज म्हटल्यावर दुसरं नाव डोळ्यांसमोर येणार तरी कुणाचं? शाखेतले साहेबही म्हणाले, "काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? मिठारी आण्णाच!"

आण्णांच्या जीपला पट्ट्या लागल्या. नोंदी झाल्या, गेल्या, आणि थोड्याच दिवसांत आण्णांना अर्धांगाचा झटका आला. हात आणि जीभ परत आली. उजवा पाय आला नाही. मांडीखाली नुसता लोंबत राहिला. जीप विकली गेली आणि आण्णा खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या डायव्हरांना शिव्या घालू लागले. आण्णा कोल्हापुरात आणि त्यांचा पाय फिनलंडला, असं धनश्रीच्या मनात यायचं.

म्हणूनच, कोल्हापूरच्या डायव्हरांनी चाचण्या घेऊन कासारघाटाचा पाठ पास केला आणि तो सगळ्यांसाठी खुला झाला, त्या शनिवारी सकाळीच तिनं आईवडलांना गाडीत घातलं.

"कुठं न्हेतीयास?" आण्णांनी विचारलं.

"तुम्हाला तुमच्या पायानं घाट उतरवते," धनश्री म्हणाली.

*

माथ्यावर धुकं नव्हतं. खाली कोकण स्वच्छ दिसत होतं. डबीनं टिंग असा आवाज केला आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, 'न्यूट्रल'.

धनश्रीनं दांडी मधे आणली. डबीनं इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली, नुसता टायरांचा आवाज.

शेजारी बसलेल्या आण्णांनी डोळे मिटले होते. "आता सोडणार बघ," ते पुटपुटले. "सोडला. जाऊ दे, जाऊ दे... आंब्याच्या झाडापाशी दाबणार. हां! दाबला!"

ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं आणि गाडी मऊपणे वळली. आण्णा लहान पोरासारखे हसले. त्यांनी आपल्या मेल्या मांडीवर थाप मारली. "माझाच की गं! अगदी माझाच पाय!"

धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्या चेहऱ्यावर तिनं फार दिवसांत पाहिला नव्हता. कंपनीत राबल्याचं आज सार्थक झालं, असं तिला वाटलं.

मागच्या सीटवर आई नारळाची पिशवी मांडीवर धरून बसली होती. "चाळीस वर्षं ह्या पायानं मला उकाड्यात मारलंय," ती म्हणाली. "आता मेला सगळ्या गावाच्या बायकांना मारील."

"तू गप. आकडा बघ आकडा!" आण्णा पडद्याकडं बोट दाखवत म्हणाले. बचतीचा आकडा खरोखरच चढत होता.

अर्ध्या घाटात, वळणाच्या आतल्या अंगाला, वाघजाईचं ठाणं होतं. दगडी चौथरा, शेंदूर, पत्र्याचं छप्पर. घाट उतरणारा कोल्हापूरचा एकही डायव्हर तिथं थांबल्याशिवाय पुढं जात नसे. नारळ फोडायचा, अंगारा लावायचा, तंबाखू मळायची आणि मग निघायचं.

"थांबव गं," आई म्हणाली.

धनश्रीनं पडद्याकडं पाहिलं. 'थांबल्यास साठलेला वेग वाया जाईल.' आकडा आता जीपच्या दिवसांपेक्षाही वर गेला होता. तिनं आण्णांकडं पाहिलं.

आण्णा घुटमळले. ठाणं जवळ येत होतं. मग म्हणाले, "येताना थांबू. देवी काय पळून जातीय व्हय?"

"आयुष्यात कधी चुकवलं न्हाईसा, आणि आज—"

"अगं, आज मी कुठं चालवतोय? डबी चालवतीय!" असं म्हणून त्यांनी खिडकीतूनच हात जोडले. ठाणं मागं गेलं. आई तोंड फिरवून बसली.

त्यापुढचा उतार जास्त तीव्र होता. पेडल आता वरचेवर खाली जात होतं आणि जास्त वेळ खालीच राहत होतं. धनश्रीच्या ते लक्षात आलं, पण गाडी जीपपेक्षा जड आहे, डबीचा तेवढा हिशेब असणारच, असं तिनं स्वतःला समजावलं.

"काहीतरी करपतंय," आई म्हणाली.

"तुझा राग करपत असंल," आण्णा म्हणाले. पण त्यांनीही नाक वर करून वास घेतला आणि त्यांचं हसू मावळलं.

तेवढ्यात गाडीतला फोन वाजला. फिनलंडहून आईनो बोलत होती. घाटांचे पाठ तयार करणाऱ्या विभागाची ती प्रमुख. तिचं बोलणं फोनमधलं दुभाषी यंत्र तिथल्या तिथं मराठी करून सांगायचं, बातम्या वाचल्यासारख्या मराठीत.

"धनश्री, कासारघाटात अनेक वाहनांचे ब्रेक अतिशय तापल्याचे आम्हाला येथे दिसत आहे. ज्याचा पाठ आहे, तो चालक संपूर्ण उतारावर इंजिन बंद ठेवतो. असा चालक तुम्ही का निवडला?"

"तुम्हीच मागितलात ना?" धनश्री म्हणाली. "ॲव्हरेज ड्रायव्हर पाठवा म्हणालात. यांच्याएवढं ॲव्हरेज जिल्ह्यात कुणाचं नाही."

मग यंत्र म्हणालं, "आम्ही सर्वसाधारण चालक मागितला होता. चारचौघांसारखा. ना उत्तम, ना वाईट. त्याचा पाठ कोणत्याही वाहनाला झेपतो."

शाळेत गणितात शिकलेला तो साधा शब्द. सरासरी. गाडीचा विषय निघाल्यावर तो अर्थ तिच्या मनालाही शिवला नव्हता. तिच्या नाही, साहेबांच्या नाही, सही करणाऱ्या कुणाच्याच नाही.

"आणखी एक," यंत्र बोलत होतं. "हा चालक प्रत्येक वेळी उताराच्या मध्यावर बराच काळ थांबत असे. ते निष्क्रिय थांबे म्हणून पाठातून गाळले गेले. चाचणीचे चालकही तेथेच थांबले, ते थांबेही गाळले गेले. तेथे काय आहे?"

"देऊळ," धनश्री म्हणाली आणि बोलता बोलता तिला सगळं कळलं.

घाटात गाडीला धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच, इंजिन आणि ब्रेक. गाडी गिअरमध्ये असली, की चाकांना इंजिनही फिरवावं लागतं आणि ते ओझं गाडीला मागं खेचतं. न्यूट्रलमध्ये ते ओझं सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात, त्यांतलं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पातळ ऑइल दाबलं की जोर चाकापर्यंत जातो, बुडबुडा दाबला की तो नुसताच आक्रसतो. आण्णांचे ब्रेक रोज वाघजाईपाशी निवत होते. नारळ फोडून, तंबाखू मळून होईपर्यंत. आण्णांना ते माहीत नव्हतं, चाचणी घेणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि डबीला तर देवही माहीत नव्हता.

"आण्णा," ती म्हणाली, "आपण थांबतोय." तिनं ब्रेकवर पाय ठेवला आणि दाबला.

पेडल मऊ लागलं. मग आणखी मऊ. मग पाय थेट तळाला गेला आणि गाडी होती तशीच पुढं चालली. नव्हे, वेग वाढला. फोनची रेंज गेली आणि आईनोचा आवाज मधेच तुटला.

"ब्रेक लागेना," धनश्री म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"वाघजाई, वाघजाई," मागं आईनं सुरू केलं.

पहिलं वळण तिनं कसंबसं काढलं. बाहेरच्या अंगाला कठडा होता, त्याच्यापलीकडं झाडांचे शेंडे. तिनं डाव्या हातानं डबी धरली. ती उपटली, तर पेडलं आपल्या ताब्यात येणार होती आणि इंजिन सुरू करता येणार होतं.

आण्णांनी तिचं मनगट पकडलं.

"काढू नगोस!"

"आण्णा, सोडा!"

"अगं, फुडं चढ हाय बारका, थितं वेग मरतोय! मी रोज मारायचो! तो दाबंल, बघ तू, माझा पाय हाय त्यो, मला—"

"बाजीराव!" आई ओरडली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "पोरगी मरंल!"

आण्णांची बोटं सुटली. धनश्रीनं डबी उपटून पायाशी टाकली.

"क्लच," आण्णा म्हणाले. आवाज बदलला होता. "क्लच दाब. इंजिन लाव. स्टिअरिंगवरचा हात काढू नगोस, गिअर मी टाकतो."

तिनं क्लच दाबला, बटण दाबलं. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. आण्णांचा हात दांडीवर होता.

"तिसरा टाकला. सोड, हळू सोड."

इंजिन गुरगुरलं. गाडीला मागून कुणी धरल्यासारखा हिसका बसला. वेग जरा कमी झाला, पण समोरचं वळण उजवीकडं पुरतं वाकत होतं.

"दाब. दुसरा. सोड!"

या वेळी इंजिन किंचाळलं. आई पुढच्या सीटवर आदळली, नारळ गडगडत खाली गेला. गाडी वळणाच्या मध्यावर कठड्याला घासली, पत्र्याचा कर्कश आवाज झाला आणि आरसा तुटून मागं पडला. वळण सरलं.

"दाब. पहिला. आता डोंगराला घाल, गटारीत घाल!"

चाक गटारीत उतरलं, दार दगडाला लागलं आणि गाडी कण्हत उभी राहिली. चाकांतून धूर येत होता. धनश्रीचा पाय अजून क्लचवर होता आणि आण्णांचा हात दांडीवर. त्या हातावर तिनं आपला हात ठेवला आणि ती रडायला लागली.

*

रडायला वेळ नव्हता. वरच्या वळणावरून एक पांढरी गाडी आली. तिचा काहीच आवाज आला नाही, म्हणून ती शेजारून जाईपर्यंत कळलंच नाही. तिच्या चाकांतून धूर निघत होता. काचेआड एका बाईचा चेहरा दिसला, तोंड उघडं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. धनश्री जिवाच्या आकांतानं ओरडली, "गिअर टाका! गिअर!" पण गाडी खालच्या वळणाआड गेली.

तिनं रस्त्यावर पळत जाऊन रेंज शोधली. आईनोनं पहिल्याच घंटीला फोन उचलला. धनश्रीनं तो कानाला लावला.

"पाठ काढून टाका. आत्ताच्या आत्ता!"

"पाठ काढला, की उपग्रहावरून प्रत्येक डबीला कळेल. ती आपोआप इंजिन सुरू करील आणि चालकाला दुसरा गिअर टाकायला सांगेल," यंत्र म्हणालं. "परंतु कायद्याने पायाची ही नोंद त्या व्यक्तीची मालमत्ता आहे. आम्ही काढायचा, तर संचालकांची बैठक घेईपर्यंत संध्याकाळ होईल. त्या व्यक्तीने स्वतःच्या आवाजात सांगितले, तर तत्काळ. मात्र मग नोंद कायमची पुसली जाते. परत आणता येत नाही."

"आत्ता घाटात किती गाड्या आहेत?"

"अठ्ठावीस."

आण्णा आईच्या खांद्याला धरून, मेला पाय ओढत गाडीबाहेर आले होते. धनश्री त्यांच्याकडं गेली आणि तिथंच अडखळली. काय आणि कसं सांगायचं? सकाळीच तर तिनं त्यांना तो पाय परत दिला होता. अख्ख्या जगात त्यांचा तेवढाच पाय चालत होता.

"आण्णा," तिनं सांगितलं. एका दमात, तोंड न वळवता. पाठ, गाड्या, कायमचं पुसणं, सगळं.

आण्णा खालच्या वळणाकडं बघत राहिले, जिथून ती पांढरी गाडी दिसेनाशी झाली होती. त्यांचा जबडा हलला. मग त्यांनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"मी बाजीराव मिठारी बोलतोय, कोल्हापूर," ते म्हणाले. "माझा पाय काढून टाका."

पलीकडं गडबड झाली. यंत्रानं शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं असणार, कारण उत्तर आलं ते घाबरलेलं. "आपल्याला पायाला इजा झाली आहे का? रुग्णवाहिका पाठवू?"

"न्हाई बाई," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. "ह्यो न्हाई. हिकडचा कवाच गेलाय. तुमच्याकडं जो चालतोय, त्यो काढा. माझी हरकत न्हाई. काढा लवकर, माणसं हैत घाटात."

त्यांनी फोन धनश्रीच्या हातात दिला आणि ते गटारीच्या कडेला दगडावर बसले. आई त्यांच्या शेजारी बसली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालून, वळणाच्या पलीकडून, एका इंजिनाची किंचाळी आली आणि लांबत गेली. आदळल्याचा आवाज आला नाही. किंचाळी उतरत उतरत गुरगुरीवर आली. मग वरून दुसरं इंजिन. मग तिसरं. बघता बघता सगळा घाट इंजिनांच्या आवाजानं भरून गेला.

"सर्व अठ्ठावीस सुरू झाली," फोनमधलं यंत्र तिच्या कानात म्हणालं. "पांढरे वाहन थांबले आहे. सुखरूप आहे. आपल्या वडिलांना सांगा, ग्राहकांचे इंधन वाया जाणार नाही. गिअरमध्ये उतरताना चाकेच इंजिन फिरवतात, त्याला एक थेंबही लागत नाही. तीव्र उतारावर त्यांच्या पद्धतीने काहीच वाचत नव्हते."

धनश्रीनं फोन बंद केला.

आण्णा मान खाली घालून ते आवाज ऐकत होते. एकेक गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत त्यांच्या समोरून खाली जात होती.

"सगळी वाचली. पांढरी पण," ती म्हणाली.

आण्णांनी मान हलवली. डोळे पुसले. "आता ह्या सगळ्यांचं पेट्रोल जळणार गं," ते म्हणाले. "माझ्यापायी."

धनश्री त्यांच्यापाशी खाली बसली.

"जळू दे, आण्णा," ती म्हणाली.